देऊळ उभे राहिले. आता राईचा जीर्णोद्धार

(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काल देवीच्या शिखरावर कलश चढला. कोणी वर्गणी दिली, कोणी वाळू-चिरा वाहिला, कोणी गवंड्याच्या हाताखाली राबले. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांनी श्रम दिले. एखादे गाव एका कामासाठी असे एकवटते, तेव्हा ते काम नुसते दगड-चुन्याचे राहत नाही. समितीचे आणि ग्रामस्थांचे मी मनापासून अभिनंदन करतो.

मला "देवराई आणि गाव" हा विषय देण्यात आला आहे. कीर्तन-प्रवचन करण्याचा माझा अधिकार नाही. झाडे-झुडपे पाहावी, त्यांची नावे विचारावी आणि ज्या गावांनी ती राखली त्यांच्याकडून चार गोष्टी शिकाव्या, एवढाच माझा अभ्यास. त्या आधारे जे सांगता येईल ते सांगतो.

जीर्णोद्धार म्हणजे जे जीर्ण झाले त्याचा उद्धार. देवस्थानात जीर्ण काय झाले होते, असे विचारले तर आपण म्हणू, भिंती झाल्या होत्या, वासे किडले होते, कौले फुटली होती. ते खरेच आहे. परंतु आपल्या कोकणात देवस्थान म्हणजे केवळ इमारत कधीच नव्हती. देवीची पाषाणमूर्ती, तिच्याभोवतीची राई आणि राईतून निघणारे पाणी, ही तिन्ही मिळून देवस्थान. किंबहुना अनेक गावांत देऊळ फार पुढे आले. आधी झाडांखाली एक शेंदूर लावलेला पाषाण होता. सह्याद्रीत आजही अशा राया आहेत की जेथे देवाला छप्पर चालत नाही, अशी लोकांची श्रद्धा आहे. झाडांचा मांडव हेच त्याचे देऊळ. तेव्हा आपण एका भागाचा जीर्णोद्धार केला आहे. दोन भाग अजून व्हायचे आहेत.

या राईला ठिकठिकाणी निरनिराळी नावे आहेत. घाटावर देवराई, रत्नागिरी-सिंधुदुर्गात देवरहाटी किंवा नुसती रहाटी, तर कोठे देवाचे बन. महाराष्ट्रात अशा हजारांहून अधिक देवरायांची नोंद झालेली आहे. नियम मात्र बहुतेक ठिकाणी एकच: राईत कोयती-कुऱ्हाड चालवायची नाही. काही गावांत पडलेला पाचोळाही उचलत नसत. देवळाच्याच कामाला लाकूड लागले तर आधी देवाला कौल लावायचा आणि कौल मिळाला तरच झाड तोडायचे. आजच्या भाषेत बोलायचे तर हा गावाने गावासाठी केलेला वनकायदा होता. त्यावर शिक्का नव्हता, रखवालदार नव्हता, तरी तो कित्येक पिढ्या पाळला गेला.

या नियमाने काय राखले ते पाहण्यासारखे आहे. भोवतालचे डोंगर कोळशासाठी, इमारती लाकडासाठी आणि राबाच्या कवळासाठी उघडे झाले, तरी राईत बेहडा, हिरडा, सातवीण, बकुळ, सुरंगी, किंजळ, उंडी, भेरली माड ही झाडे उभी राहिली. गारंबीचा वेल माणसाच्या मांडीएवढा जाड होऊन एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेला दिसतो, तो आज बहुधा राईतच. सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे देवाच्या राईत रानजायफळाच्या जातीची, दलदलीत वाढणारी झाडे आहेत. बाराही महिने पाण्यात उभी असणारी ही झाडे श्वास घेण्यासाठी मुळांची गुडघ्यासारखी वाकडी वळणे जमिनीवर काढतात. असे वन हे मुख्यतः केरळ-कर्नाटकाचे वैभव. आपल्या राज्यात ते त्या गावकऱ्यांच्या श्रद्धेमुळे टिकले. जागा किती? अडीच हेक्टरांहून थोडी अधिक. तेवढ्या तुकड्याला २०२१ च्या सुमारास राज्य शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. गावाने राखलेल्या लहानशा राईची किंमत ही अशी असते.

आता पाण्याचे पाहू. आपल्या कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर, म्हणजे सुमारे १२० इंच पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत कितीतरी वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. इतके पाणी जाते कोठे? उघड्या डोंगरावर पडलेले पाणी माती घेऊन धावत सुटते आणि काही तासांत खाडीला मिळते. राईत तसे होत नाही. पावसाचा थेंब आधी उंच झाडाच्या पानावर आदळतो, मग खालच्या झुडपावर, मग पाचोळ्यावर. त्याचा जोर मोडतो. पाचोळ्याखालची माती गांडुळांनी, वाळवीने आणि मुळांनी भुसभुशीत केलेली असते. ती पाणी पिते. ते पाणी मुळांच्या वाटेने खाली उतरते, कातळाच्या फटींत साठते आणि पाऊस सरल्यावर हळूहळू झऱ्याला येते. जुनी माणसे म्हणत, झरा देवीच्या कृपेने वाहतो. ती कृपा पाचोळ्याच्या रूपाने आपल्या पायांखाली असते, एवढेच मी त्यात भर घालून म्हणेन. उत्सवाच्या आदल्या दिवशी साफसफाई म्हणून तो पाचोळा आपण लोटून जाळतो, तेव्हा आपण झऱ्याच्या तोंडचेच पाणी काढून घेतो.

येथे एका गावाची गोष्ट सांगतो. श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचे गाव आहे. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. १९७० नंतरची ती पहिली वर्षे. त्या गावाची काळकाई देवीची राई तोडली जाणार होती. पुण्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ हे त्या काळात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करीत होते. गावकरी त्यांच्याकडे गेले. आमची राई वाचवा, कारण आमच्या ओढ्याचे पाणी त्या राईतून येते, असे त्यांचे सांगणे होते. पुढे ती तोड थांबली. या गोष्टीत मला महत्त्वाचे वाटते ते असे की, राई का वाचवायची हे गावकऱ्यांना कोणा शास्त्रज्ञाने शिकविलेले नव्हते. गावकऱ्यांनीच ते शास्त्रज्ञांना सांगितले. वर्तक-गाडगीळ यांनी पुढे देवरायांवर जे लेख लिहिले, त्यांनी हा विषय देशाबाहेरही पोहोचविला.

मग राया कमी का झाल्या? कारणे अनेक आहेत. जमिनीच्या कागदोपत्री रहाटी गावाच्या नावाऐवजी सरकारच्या नावे लागली, तेव्हा "आता ती आपली नाही" ही भावना आली. लाकडाला भाव आला, ठेकेदार आले. गावातील कर्ती माणसे पोटासाठी मुंबईला गेली आणि मागे राखण करणारे हात कमी झाले. देवाचे भय ओसरले. परंतु त्या जागी विचाराने घेतलेला निर्धार मात्र आला नाही. आणि आणखी एक कारण आहे. ते या व्यासपीठावरून बोलणे थोडे अवघड आहे, परंतु बोलले पाहिजे. कित्येक ठिकाणी राई तुटली ती देवळाच्याच जीर्णोद्धारासाठी. कोठे झाडे विकून सिमेंट-लोखंडाचा खर्च भागविला. कोठे देवळासमोर मोकळे पटांगण हवे म्हणून, तर कोठे रस्ता थेट दारापर्यंत यावा म्हणून झाडे गेली. हेतू भक्तीचाच होता. पण देवीचे घर मोठे करताना तिचे अंगणच नाहीसे झाले.

ही हानी भरून येते का? अवश्य येते, त्याचे दाखले आपल्याच देशात आहेत.

पश्चिम बंगालमध्ये मिदनापूर जिल्ह्यात आराबारी येथे सालवृक्षांचे जंगल तोडून तोडून अगदी झुडपांवर आले होते. १९७२ च्या सुमारास तेथील वनाधिकारी डॉ. अजितकुमार बॅनर्जी यांनी आसपासच्या ११ गावांतील लोकांशी बोलणी केली. सुमारे १,२७२ हेक्टर जंगल गावकऱ्यांनी राखायचे, त्यांना कामात रोजगार मिळेल, जळण आणि पाने नेता येतील, आणि जंगल वाढून विक्री झाली की उत्पन्नाचा चौथा हिस्सा मिळेल, असे ठरले. तेथे लागवड फारशी करावीच लागली नाही. जमिनीत जुन्या सालवृक्षांचे ठोंब जिवंत होते. तोड आणि चराई थांबताच त्यांना धुमारे फुटले आणि काही वर्षांत जंगल उभे राहिले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीत आणि १९९० पासून देशभर सुरू झालेल्या संयुक्त वनव्यवस्थापनात या अनुभवाचा मोठा वाटा आहे.

आपल्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात बारीपाडा हा आदिवासी पाडा आहे. तेथील डोंगर उघडे पडले होते आणि बायकांना पाण्यासाठी वणवण करावी लागे. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत चैत्राम पवार या तेथल्याच तरुणाने गावाला एकत्र बसविले. गावाने स्वतः नियम केले, दंड ठरविला, राखणदार नेमले आणि सुमारे १,१०० एकर जंगल राखले. विहिरींना पाणी आले. आज तेथे रानभाज्यांची स्पर्धा भरते आणि बायका जंगलातील किती तरी भाज्या रांधून मांडतात. २०२५ साली श्री. पवार यांना पद्मश्री मिळाली.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाची गोष्ट आणखी पुढची. त्या गावाने निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने घेण्याची रीत पाडली. एकाचाही विरोध असला तर थांबायचे, पुन्हा बसायचे. अभ्यासगट करून गावकरी कायदा समजून घेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ते आपला बांबू आपण विकू लागले.

तीन प्रांत, तीन भाषा, तीन रिती. परंतु सूत्र एकच आहे. जेथे नियम गावाने स्वतः केला, जेथे राखणाऱ्याला त्या वनाचा काही लाभ मिळाला आणि जेथे नियम मोडणाऱ्याला नात्यागोत्याचा विचार न करता जाब विचारला गेला, तेथे वन परत आले. याउलट १९८० नंतरच्या दशकात आपल्याकडे जिकडे-तिकडे ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी आणि गिरिपुष्प लावले गेले. हिरवळ दिसली, पण त्या झाडांखाली ना रानभाजी उगवली, ना फळासाठी धनेश आला, ना गावाला ते वन आपले वाटले. झाडे लावणे आणि वन परत आणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हवामानाविषयी दोनच शब्द बोलतो, कारण ते आपण अंगावर सोसले आहे. जून २०२० मधील निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळीच्या बागा आडव्या केल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले आणि त्याच दिवसांत महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड आली. आधी २०१४ साली माळीण आणि नंतर २०२३ साली इर्शाळवाडी. मध्य भारताच्या पट्ट्यात एकदम कोसळणाऱ्या मोठ्या पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. झाडे असती तर दरड आलीच नसती, असे मी म्हणणार नाही. डोंगराची घडण, उतार, त्यावरची खोदकामे ही कारणेही असतात. परंतु मुळे मातीला धरून ठेवतात आणि पाण्याला सावकाश वाट देतात, यात शंका नाही. शिवाय जुने झाड हे हवेतील कर्ब साठविणारे कोठार आहे. वाळल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कर्बाचा असतो. दोनशे वर्षांचा बेहडा तोडून त्या जागी दहा रोपे लावली, तर हिशेब आपल्या नातवंडांच्या हयातीतही जुळत नाही.

आता आपल्या राईकडे येऊ. काल सकाळी गुरव मंडळींबरोबर मी ती फिरून आलो. मध्यभाग अजून दाट आहे. कडा मात्र विरळ झाल्या आहेत; गुरांची वाट पडली आहे आणि दक्षिणेकडे वणव्याने झाडांची बुंधे काळी झालेली दिसतात. परंतु जमिनीत ठोंब जिवंत आहेत आणि आत बीजाचे मातृवृक्ष आहेत. म्हणजे आराबारीसारखी अर्धी पुंजी आपल्या हाती आहेच. तिच्या आधाराने काय करता येईल ते सुचवितो.

पहिले, राईची हद्द ठरवावी. सात-बारा आणि गाव नकाशा काढून सर्व वाड्यांनी मिळून एक फेरी घालावी आणि दगडी गडगा घालावा. देऊळ बांधताना जे श्रमदान झाले, त्याच्या चौथ्या हिश्श्यात हे काम होईल.

दुसरे, विरळ झालेल्या कडांवर पाच वर्षे चराई आणि कवळतोड बंद ठेवावी आणि दरवर्षी माघ महिन्यात गडग्याबाहेरून गवत काढून जाळरेषा घ्यावी. बाहेरचा वणवा तेथेच अडला पाहिजे.

तिसरे, रोपे विकत आणू नयेत. आपल्याच राईतील बिया धराव्या. आंबा, फणस, जांभूळ, कोकम यांची बी सुकली की मरते. फळ खाल्ले की त्याच आठवड्यात ती पिशवीत पडली पाहिजे. शाळेच्या मुलांना हे काम द्या. मूल जे झाड बीपासून वाढविते, त्यावर ते मोठेपणी कुऱ्हाड घालीत नाही. बाकीचे काम धनेश, वटवाघूळ आणि उदमांजर करतील. फक्त त्यांच्यासाठी वड, उंबर आणि पोकळ बुंध्यांची जुनी झाडे ठेवावी. भीमाशंकरच्या परिसरात महादेव कोळी बांधव हिरडा-बेहड्याची फळे गोळा करून विकतात. फळाला भाव मिळतो म्हणून बेहडा उभा राहतो, आणि बेहडा उभा राहिला म्हणून त्याच्या ढोलीत धनेशाचे घरटे राहते.

चौथे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. राई बंद केली तर नुकसान कोणाचे होईल, ते आधी विचारावे. ज्यांच्या घरी गॅस आहे त्यांचे काही जात नाही. ज्या माउलीची चूल काटक्यांवर पेटते, ज्याची चार शेळ्यांवर गुजराण आहे, त्यांच्यावर भार पडतो. त्यांना सभेत पुढे बसवावे, त्यांच्यासाठी वरकस जमिनीत जळणाची आणि चाऱ्याची जागा राखून द्यावी आणि राखणदाराचे काम, रोजंदारीसह, त्यांच्यापैकीच कोणाला द्यावे. जुन्या काळी काही ठिकाणी बायकांना किंवा विशिष्ट समाजाला राईत वा निर्णयात स्थान नसे. जुन्याचा उद्धार करताना तेवढे मात्र जुन्याबरोबर जाऊ द्यावे. ज्याला निर्णयात जागा नाही, त्याने नियम का पाळावा?

पाचवे, कागद करून ठेवावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावाची नोंदवही करायची असते. तीत राईतील प्रत्येक झाड, वेल, पक्षी आणि झरा म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावा. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील देवबनांच्या प्रकरणात त्यांची मोजणी करून नोंद करण्याचा आदेश दिला आणि देशभरातील देवरायांसाठी धोरण आखावे, असे केंद्र सरकारला सुचविले. तेव्हा वारे अनुकूल आहे.

आता शेवटचा मुद्दा. समितीपुढे अशी एक सूचना आहे की, उत्सवाला येणाऱ्या गाड्यांसाठी राईची पूर्वेकडील कड मोकळी करावी. त्यात सात जुनी झाडे जातील. त्यांत दोन बेहडे आहेत आणि झरा त्या उताराच्या पायथ्याशीच आहे. मी पाहुणा आहे. निर्णय गावाचा आहे, आणि तो गावानेच घ्यावा. परंतु गाड्या वर्षातून चार दिवस येतात. झरा ३६५ दिवस लागतो. शाळेपलीकडे रस्त्याला लागून पडीक जागा आहे. तेथून देवळापर्यंत चालायला पाच मिनिटे लागतात. पालखीबरोबर अनवाणी गावभर फिरणारी आपली मंडळी देवीच्या भेटीला पाच मिनिटे चालणार नाहीत, असे मला वाटत नाही. मुंबईकर मंडळींना माझी खास विनंती आहे. या सूचनेमागे आपल्या सोयीचा विचार आहे, हे मी जाणतो. म्हणूनच "आम्ही चालत येऊ" हे आपणच पुढे होऊन सांगावे. गावातील माणसाला ते बोलणे जड जाते, कारण देवळाला आपली वर्गणी मोठी आहे.

आपल्याकडे कोणतेही मोठे काम देवीपुढे गाऱ्हाणे घातल्याशिवाय सुरू होत नाही. येत्या ग्रामसभेच्या दिवशी मानकऱ्यांनी एक गाऱ्हाणे राईसाठीही घालावे: की राईवर कोयती चालू नये, वणवा शिरू नये, झऱ्याचे पाणी आटू नये, आणि हे सारे देवीवर न टाकता आम्ही करू, तिने आम्हांस बुद्धी आणि एकी द्यावी. त्या गाऱ्हाण्याला साऱ्या वाड्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्याचा पहिला दगड ठेवावा.